हातचा एक

फलकावर लिहिलं आहे : पंचवीरांची सारी सामग्री
आकाशातून पडलेल्या एका ताऱ्याच्या गाभ्यातून आली.
दिवसातून सहा वेळा मी हे वाक्य म्हणते,
संग्रहालयाचा निळा कोट घालून, खणखणीत आवाजात,
आणि सहाही वेळा मला
ओता वॉर्डातली आमची गल्ली आठवते.
खाली लेथ, वर आम्ही तिघं,
डोक्यावरून हानेदाची विमानं,
भातालासुद्धा कटिंग ऑइलचा वास.

तारा आला तो सायकलवरून.
रबरबँडात गुंडाळलेली ड्रॉइंग्ज, त्यांवर नाव नाही, शिक्का नाही,
नुसती मापं, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत.
कशासाठी, हे वडिलांनी विचारलं नाही.
एवढंच विचारलं : किती नग?
पाच.
पाच नगांवर घर चालत नाही, आई जिन्यावरून म्हणाली.

उडी मारताना सुटते ती दोरी
मिसाकीच्या ट्यूना-बोटींवरच्या रिळाची धाकटी बहीण.
शिरस्त्राणाची काच घासली समोरच्या हिरुकावाबाईंनी,
एरवी त्या दातांच्या डॉक्टरांचे आरसे घासत.
आणि छातीवरचा बिल्ला, ज्यातून हाका ऐकू येतात,
त्याची बिजागरी भाताच्या कुकरची आहे;
कान देऊन ऐका कधी,
झाकण लागल्यासारखाच वाजतो.

राहिला हातमोजा.
वडील हातचं राखून काम करणारे नव्हते :
अडुसष्ट साली प्रेसने त्यांच्या उजव्या अनामिकेचं
टोक नेलं, पेरभर.
तेव्हापासून बोटांवर हिशेब करताना
ते तिथे येऊन जरा घुटमळत,
'हातचा एक' म्हणत
आणि पुढे जात.

मोजा त्यांनी स्वतःच वापरून पाहिला, आठवडाभर.
तो घालून लेथ चालवला, तो घालून नूडल्स खाल्ल्या.
अनामिकेचं टोक रिकामं लोंबायचं,
ड्रिलमध्ये अडकायचं.
एका रात्री वैतागून त्यांनी त्यात
तारेचं एक वेटोळं भरलं, वर एक दिवा.
हे ड्रॉइंगमध्ये नाही, सायकलवाला म्हणाला.
जागा रिकामी होती, वडील म्हणाले.

पण वीरांची बोटं पुरी.
दिव्याला जागा करायची तर
अनामिका पेरात मुडपावी लागे.
तीच ती मुद्रा :
उजवा हात वर, चार बोटं ताठ, एक मुडपलेलं.
शाळांच्या पटांगणांत, वाढदिवसाच्या फोटोंत,
न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या पुठ्ठ्याच्या पुतळ्यावर.
पहिल्यांदा टीव्हीवर दिसली तेव्हा
वडील चहा हातात धरून बघत राहिले.
मग न पिताच खाली गेले.
लेथ सुरू झाल्याचा आवाज आला,
त्या रात्री काम नव्हतं काहीच.

आज निगाताहून एक शाळा आली आहे.
पुढच्या रांगेतला, नाक गळणारा मुलगा विचारतो :
ताऱ्याला कसं कळलं, माणसाच्या हाताला बोटं किती?
बाई त्याला दटावतात. मुलं हसतात.
मग फोटोसाठी सगळे हात वर होतात,
सदतीस उजवे हात,
सदतीस अनामिका पेरभर कमी.

मी उगाच मोजते, पुन्हा मोजते,
आणि म्हणते, पुढच्या दालनात चला,
पायरी आहे, सांभाळून.