कोरं

चिकोडी नाक्याला, बंद वखारीच्या भिंतीत
जो तांबूस दगड बसवलाय
त्याच्या खालच्या चार ओळी माझ्या हातच्या.
वरच्या चार इराण्णा पत्तारच्या.
छिन्न्यांची पिशवी एकच होती,
चहाही एकाच किटलीतला.
अक्षरांची उंची मात्र
कचेरीतून दोन वेगळ्या कागदांवर आली.

दगड सांगतो, की
सुंदराक्का मगदूम यांनी
विडी कामगार बायकांचा पहिला झेंडा
इथं, या ओट्यावर...
आणि इथंच आमचं अडलं.
शिवला? काढला? केला?

मसुद्यात 'शिवला' होतं.
तिची लेक रत्नव्वा तपकिरीनं शिंकत आली,
म्हणाली, "शिवला सगळ्यांनी.
टाके बघा, नऊ जणींचे हात दिसतील.
आईनं तो बघितला.
कापड आणायच्या आदी बघितला."
आता हे दगडावर कसं बसवायचं?

दुपारभर आम्ही शब्द उलटेपालटे केले.
शेवटी इराण्णाला कानडीत एक सापडला
आणि मला मराठीत.
पाहतो तर दोन्ही जवळजवळ एकच.
मी कोरलं : कल्पना, सुंदराक्का मगदूम.

दगडावरचा पडदा सरकला त्या दिवशी
एका म्हातारीनं नातीकडून ओळ वाचून घेतली,
बराच वेळ आठवून बघितलं,
"कल्पना कोण गं?
आमच्या रांगेत न्हवती."

झेंडा मी पाहिलाय.
रत्नव्वाच्या घरी सुपावर झाकलेला असतो.
गुळाच्या रंगाचं परकराचं कापड,
मधोमध एक पान, पांढरं,
ज्या पत्र्याच्या मापानं रोज हजार पानं कातरायच्या
त्याच मापाचं,
कडेनं विडीचंच लाल सूत.
झेंड्याच्या मानानं फारच लहान.
लांबून दिसत नाही असं कुणी बोललं तेव्हा
सुंदराक्का म्हणाली म्हणे,
"मग जवळ येऊ द्यात की."

पानात काही नाही.
संपाच्या आदल्या रात्री एक शिकलेला पोरगा
शाईची बाटली घेऊन आला होता :
अक्का, काय लिहू? नाव? मजुरीचा दर?
तिनं कात्री खाली ठेवली नाही.
"पान कोरंच राहू दे.
लिवलं की आदी कुठली भाषा म्हणून भांडत बसशीला,
आन् हजारी ऱ्हाईल चेकरच्या खिशात."

मी जन्मभर कोरण्याचं काम केलं.
देवळाच्या पायऱ्या, हुतात्म्यांची नावं,
एका सावकाराचं तर तो जिवंत असतानाच.
कोरं ठेवण्याची मजुरी मला कुणी दिली नाही,
त्यामुळे सवय नव्हती.
दगड घासून झाला तेव्हा
इराण्णाच्या शेवटच्या ओळीखाली
आणि माझ्या पहिलीच्या वर
बोटभर जागा उरली.
कचेरीच्या दोन्ही कागदांत ती नव्हती.
साहेब म्हणाले, वेलबुट्टी काढा.
आम्ही दोघांनी मान हलवली
आणि हत्यारं गोळा करून घरी गेलो.

गेल्या नोव्हेंबरात कुणीतरी काळं फासलं.
वरच्या ओळींना की खालच्या, ते सांगत नाही.
सकाळी नाक्यावर गर्दी, दोन पोलीस,
कुणी फोटो काढतंय, कुणी घोषणा जुळवतंय.
रत्नव्वा रॉकेल आणि चिंध्यांचा बोळा घेऊन आली.
अंगठ्याचं नख तंबाखूनं कायमचं पिवळं,
त्यानं एकेक काना, एकेक वेलांटी
(किंवा त्या लिपीत जे काही असतं ते)
खरवडून काढत होती.
वाचता तिला दोन्ही येत नाही.

मधली बोटभर जागा स्वच्छ होती.
फासणाऱ्याला तिथं फासण्यासारखं काही सापडलं नसावं.
तिथं बोळा फिरवायची गरज नव्हती.

तिनं तरीही फिरवला.