शेरा रिकामा ठेवू नका

थर्लबी महाशय,
तुमचा छापील तक्ता पोचला.
बोट एकोणीस दिवस लागू शकली नाही,
कागदाला माशांचा वास आलाय, माफ करा.
रकाने सात: तारीख, वारा, धुकं, पक्षी,
किती, जिवंत की मेलेले, शेरा.
दिवा बाबांचा, अक्षर माझं.

२ ऑक्टोबर. आग्नेय वारा. झिमझिम.
रात्री एक ते तीन कस्तूर काचेवर आपटत राहिले,
गारा आपटाव्यात तसे,
पण गारा हातात घेतल्या तर ऊबदार नसतात.
सकाळी सज्जात एकशे चौदा मोजले.
आईनं वीस सोलले.
बाकीच्यांचं काय केलं, ते तुमच्या तक्त्यात विचारलेलं नाही.

मागितलात तसा पाणलाव्याचा पाय पाठवतेय. डावा.
बोटांतला चिखल पुसलेला नाही.
मीठही लावलं नाही. बरोबर केलं ना?

तुमचं उत्तर आलं फेब्रुवारीत:
त्या चिखलातून कुंडीत तीन रोपं उगवली,
एक गवत, एक लव्हाळा,
तिसऱ्याचं नाव ठरायचंय.
बाबांनी दोनदा वाचायला लावलं.
आमच्या खडकावर कोबी लावला की वारा उपटून नेतो,
आणि तिकडे केंटमध्ये
एका मेलेल्या पायाला पालवी!

खाली तुमची सूचना:
शेरा रिकामा ठेवू नका.
पक्षी आले नाहीत तर शून्य लिहा,
शून्य हाही पुरावाच.

म्हणून लिहिलं:
११ नोव्हेंबर. वारा वायव्य, मग सगळीकडून.
धुकं नाही. पक्षी शून्य.
होडी एक, तेल आणायला गेलेली.
किती: दोन. बाबा आणि मॅग्नी हल्क्रो.
पुढचा रकाना
मी भरलेला नाही.

उलट टपाली तुमचं पत्र, काळ्या काठाचं.
चार ओळी दुःखाच्या, नीट, सरळ.
मग तळाशी बारीक अक्षरात,
लेखणीलाच आवरलं नसावं:
वारा नेमका किती वाजता फिरला?

पत्र चुलीपर्यंत नेलं होतं, महाशय.
पीटचा विस्तव चांगला फुलला होता.
आईनं विचारलं, काय म्हणतात ते?
मी म्हटलं, वेळ विचारतात.
ती म्हणाली, मग सांग की.
इथे दुसऱ्या कुणी विचारली नाही.

सव्वाचारला.
मी खिडकीपाशीच होते.

दिवा आता मी लावते.
कस्तूर आले की कळवीन.
आणि ते तिसरं रोप,
त्याचं नाव ठरलं का?

ऑस्ला इंक्स्टर, शेटलंड