पोटखराबा

पन्नास रुपयांची पावती फाडून
सुगरती दारसिंबे म्हणाली, "चपलांचे पट्टे आवळा."
वनखात्याचा खाकी शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत लुगडं,
गळ्यात शिट्टी, कमरेला
पाण्याच्या जुन्या बाटलीत राख.

आम्ही सहा जण. परतवाड्याचं नवं जोडपं,
दर्यापूरचे दोघे भाऊ, धाकट्याच्या खांद्यावर ट्रायपॉड,
घाटभर उलट्या करत आलेली एक मुलगी,
आणि मी, भूमिअभिलेखातून निवृत्त,
गुडघ्याला पट्टा, खिशात सवयीचा टेप.

सागाची पानं पायाखाली पापडासारखी.
मग जमीन संपली नाही, फक्त चिरली:
विळीवर भोपळा धरावा
आणि निम्म्यात कुणी हाक मारावी, तशी.

"एकामागं एक या. मधात पोट आत घ्या."
काळा दगड दोन्ही खांद्यांना एकदमच लागला.
मे महिना वर राहिला, बेचाळीस अंशांत;
आत रांजणाच्या बुडाचा गारवा
आणि ओल्या गोणपाटासारखा वटवाघळांचा वास.

भिंती म्हशीच्या पाठीसारख्या गुळगुळीत.
कमरेच्या उंचीवर एक तांबडा पट्टा.
दोन लाव्ह्यांच्या मधली माती, भाजून वीट झालेली,
मी जोडप्याला समजावू लागलो.
सुगरतीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"चूल सारवून बाई पाणी आणाले गेली.
अजून यायची हाये."

वर, दोन पुरुष उंचीवर,
भिंतींच्या मध्ये सागाचा ओंडका आडवा अडकलेला.
"हा कुणी ठेवला?" नव्या नवरीनं विचारलं.
"दा," ती म्हणाली,
आणि कुणाला कळलं नाही म्हणून, "पाण्यानं."
"तिकडं पठारावर पडला का इथलं आभाळ कोरंच राहते.
आधी दगड बोलते."
तिनं कान लावून पाहिला.
आम्ही सहाही जण गप्प, परीक्षेला बसल्यासारखे.

साडेबाराला ऊन आलं.
आलं म्हणजे उतरलं, विहिरीत दोर सोडावा तसं.
तिनं चिमूटभर राख उधळली
आणि ते उभं राहिलं,
पांढरं, हातानं धरता येईल असं.
"एक्स्पोजर कमी कर, दगड जळते,"
म्हणत तिनं धाकट्याचा मोबाइल घेतला,
भिंतीला पाठ टेकली, गुडघा वाकवला,
रोजच्या कामासारखा फोटो काढला.
उलट्या करणारी मुलगी त्यात सगळ्यात छान आली.

दहा-बारा मिनिटं.
मग कुणीतरी दोर वर ओढून घेतला.

मी टेप काढला. दोन फूट एक इंच.
उंचीला पुरला नाही.
"कायले पायजे?" तिनं विचारलं.
मी टेप गुंडाळत राहिलो.

एकोणनव्वद साली या गावाची मोजणी मी केली.
वरच्या काठाशी साखळी थांबवून
खाली वाकून पाहिलं, गड्यानं आणलेला चहा प्यालो
आणि रकान्यात लिहिलं: पोटखराबा.
आकार शून्य.
नाव विचारायचं राहिलं,
संध्याकाळची एसटी धरायची होती.

वळणाशी ती थांबली. वाट पुढं जात होती,
अंधारात, आणखी अरुंद.
"आणि पुढं?" थोरल्यानं विचारलं,
शंभराची नोट दाखवली.
"पुढं पावती चालत नाही."
हसली नाही, रागावलीही नाही.
शिट्टी वाजली, आम्ही वळलो.

परतताना मी शेवटचा. गुडघा अडला,
तिनं मागं येऊन हात दिला,
राखेनं भुरकट, माझ्याहून कोरडा.
आता सांगावं, असं मनात आलं:
ती साखळी, तो रकाना, ते शून्य.
"पोट आत घ्या सायेब," ती म्हणाली.
घेतलं.
श्वास असा धरून ठेवलेला असताना
माणसाला बोलता येत नाही.

वर आलो तेव्हा धाकटा रेंज शोधत
मोहाखाली गोल गोल फिरत होता
आणि ती पुढच्या सहा जणांना सांगत होती,
चपलांचे पट्टे आवळा.