ला

डॉक्टर हनान इजिप्तची. माझ्या रिपोर्टवर
पेनाचं टोपण आपटत म्हणाली,
खुब्ज ला. रुझ्झ ला. सुक्कर ला.

आमच्याकडे ला लागला
की कुणाच्या तरी हातात काहीतरी पडतं:
मला, तुला, पोरीला, दारात आलेल्याला.
तिच्याकडे ला म्हणजे नाही.
तेव्हापासून मी दोन भाषांच्या मधे बसून जेवते.

शारजा, रोला. पाचवा मजला, पहाटेचे साडेतीन.
पस्तीस डबे, दर डब्याला चार पोळ्या,
चार किलो कणकेत मी मनगटापर्यंत.
पोळी फुगते, फुटते,
तिच्या पोटातली वाफ माझ्या तोंडावर येते.
तेवढी मला चालते.
वाफेत साखर नसते, विचारून घेतलंय.

पहिली पोळी गाईची, असं आई म्हणायची.
इथे गाय दुधाच्या पिशवीवर.
मी पोळी कुस्करून एसीच्या डब्यावर ठेवते,
साळुंक्या भांडत खातात.
त्यांना कुणी रिपोर्ट काढायला सांगितलेला नाही.

मग माझा नाश्ता. दोन अंडी,
आणि तव्यावर लाल केलेलं हलूमी,
जे चावताना ओल्या फरशीवरच्या स्लिपरसारखं वाजतं.
दुपारी फ्लॉवर किसायचा आणि त्याला भात म्हणायचं.
सोंग आहे. आमटीलासुद्धा कळतं,
ती वरच्या वर राहते, आत मुरत नाही.

इस्लामपूरहून वन्सं फोनवर:
पोळी नाही, भात नाही, म्हणजे उपासच की गं.
म्हटलं, वन्सं, उपासाला निदान साबुदाणा असतो.

श्रीरंग चांगला आहे. माझ्यादेखत गूळ खात नाही.
बाथरूममधे जाऊन खातो,
दाराखालून मुंग्या येऊन चुगली करतात.

रमजानात समोरच्या उम्म यझननं खजुराची ताटली पाठवली.
रिकामं भांडं परत द्यायचं नाही,
म्हणून त्यात दाण्याचं कूट घातलेली भेंडी.
खजूर श्रीरंगला.
मला बिया. त्या मी धुऊन कुंडीत पुरल्या,
अजून काही उगवलेलं नाही.

हातावर पोट म्हणतात ना,
माझं आता बोटाच्या टोकावर आलंय.
एक टोचणी, एक थेंब, पाच सेकंद, आकडा.
चौदा तारखेला दोनशे त्रेचाळीस.
आदल्या रात्री ओट्याशी उभ्यानं तीन पोळ्या,
तूप, मीठ, गुंडाळी करून,
दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात.
आकडा वहीत लिहिला. खोडला नाही.
त्या पोळ्या चांगल्या झाल्या होत्या
हेही लिहायला हवं होतं, पण तसा रकाना नव्हता.

परवा रेवणसिद्धचा मेसेज आला.
एकतीस वर्षांचा पोरगा, जतचा,
सज्यात क्रेन चालवतो,
कायम पाचवी पोळी मागायचा.
*मावशी उद्यापासून पोळी नको. भात पण नको.*
*बाकी काही दिलं तरी चालेल.*
खाली थोड्या वेळानं आणखी एक ओळ:
*पैसे तेवढेच घ्या.*

मी बराच वेळ मोबाइल हातात धरून होते.
कारण विचारलं नाही. विचारायला काय होतं त्यात.

आज पहाटे चार पोळ्यांची कणीक कमी भिजवली.
परातीत हाताला ते लगेच जाणवलं.
मग त्याच्या डब्यात मेथी, दोन उकडलेली अंडी,
चक्का, काकडी, हलूमीचे चार तुकडे.
वर चिठ्ठी: *वाजतं, घाबरू नकोस.*

झाकणावर मार्करनं नाव लिहिते मी रोज.
आज 'रेवणला' असं लिहिलं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.
चौतीस डबे जड, एक हलका,
पिशवी उचलताना ड्रायव्हरला फरक कळला नाही.