मागून जाणारी माणसं

जुलैत बर्फ पडला आमच्या गल्लीत.
कागदाचा. उघड्या अंगाची दोन पोरं
मोठ्या पंख्यापुढे पोती रिकामी करत होती
आणि आम्ही चाळीस जण लोकरीच्या कोटांत
घामाने निथळत
नाताळची संध्याकाळ झालो होतो.

टोरांटोचं न्यूयॉर्क केलं होतं त्यांनी.
लाल टपालपेटी झाकून शेजारी निळी ठेवली,
फेरेराच्या बेकरीवर चढवलं भलतंच नाव.
फेरेरा पिठाच्या हातांनी फुटपाथवर उभा,
आपल्याच दुकानाकडे
पत्ता चुकल्यासारखा बघत.

माझं काम सोपं :
नायिका रडायला लागली की तिच्या मागून जायचं.
डावीकडून उजवीकडे. न बघता.
"अठ्ठावीस नंबर, तुम्ही बघताय!"
कर्ण्यातून एक पोरगी ओरडली.
रडणाऱ्या बाईकडे न बघता जायला
मला सात टेक लागले.

समोरून एकतीस नंबर यायचा.
उंच, काळा, साठी उलटलेला,
हातांत हनुवटीपर्यंत भेटींची चळत,
सोनेरी कागद, लाल फिती.
माझ्याशेजारून जाताना दर वेळी
ओठ न हलवता पुटपुटायचा,
"वजनाचा अभिनय करतोय, बाई.
आत नुसता वारा आहे."
मला हसू फुटायचं.
आणखी एक टेक.

जेवणाच्या तंबूत त्याने सांगितलं,
तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या याच शहरात.
आता हे.
"इथे निदान कुणी सांगतं तरी,
कुठून निघायचं, कुठे थांबायचं."
मीही काही सांगितलं असतं.
की झे गेल्यापासून टेबलावर
मी अजून दोन बशा मांडते...
नाही, हे खोटं. सिनेमाचा वारा लागला.
एकच मांडते. पहिल्याच आठवड्यापासून एकच.
धुवायला सोपं पडतं.

संध्याकाळी पैसे घेतले, कोट परत केले.
नाव विचारायचं राहून गेलं.

चोवीस डिसेंबर, दुपारचा चारचा खेळ.
सगळं थिएटर मिळून नऊ डोकी,
प्रत्येकाच्या शेजारच्या खुर्चीवर
त्याचाच ओला कोट.
पडद्यावर एकट्यांना एकटे भेटत गेले.
रात्रपाळीची नर्स, बायकोने टाकलेला पोलीस,
आणि बर्फ, अगदी वेळेवर.
मग ती रडायला लागली.
तिच्या केसांमागून एक करडा डाग सरकला,
डावीकडून उजवीकडे.
मरून स्कार्फ घरचा होता,
म्हणून ओळखलं मी मला.
दुसऱ्या बाजूने सोनेरी काहीतरी आलं,
आणि अंधारात, पुढच्या रांगांतून,
खणखणीत आवाज :
"आत नुसता वारा आहे!"

कुणीतरी शूः केलं.
मी हसले ते इतकं,
की नायिकेचं दुःख
त्या आठ जणांना नीट ऐकूच आलं नसेल.

नावं वर सरकत राहिली, पाच मिनिटं.
ट्रकवाल्याचं, मांजर सांभाळणाऱ्याचं,
कागदाचा बर्फ पुरवणाऱ्या कंपनीचं.
आमची नव्हती.
तरी तो शेवटच्या ओळीपर्यंत उभा,
टोपी हातात धरून,
झाडूवाला मुलगा ताटकळत असताना.

बाहेर बर्फ कसला, पाऊस होता.
थिएटरच्या छताखाली तो कोटाची बटणं लावू लागला
आणि हातातली पिशवी माझ्याकडे दिली :
"धरा जरा. ही खरंच जड आहे."
रममध्ये मुरलेला काळा केक,
बहिणीच्या हातचा, सेंट व्हिन्सेंटहून आलेला,
एकट्याला महिनाभर पुरणारा.
जड होता. माझं मनगट खाली गेलं.
"ऑर्व्हिल," तो म्हणाला.
"ल्युर्देस," मी म्हणाले,
आणि माझंच नाव मोठ्याने ऐकून
का कोण जाणे, डोळे भरून आले.

तेवढ्यात आमच्या मागून कुणी गेलं,
कॉलर वर केलेलं,
डावीकडून उजवीकडे, न बघता.
पहिल्याच टेकला जमलं त्याला.