बाजारात तुरी

मार्चमध्ये येणार म्हणतात.
मार्च म्हणजे मे, असं कॅलम सांगतो,
आणि मे म्हणजे ज्यांच्या ओळखी आहेत त्यांना.
कॅलमचं दुकान पर्थ रोडवर, लॉन्ड्रीला लागून,
काउंटरवर पोट उघडून पडलेली मशिनं
आणि सगळ्यावर धुतल्या कपड्यांचा वास.
"आत्ता घेऊ नकोस, पुढचं येऊ दे,"
गेली तीन वर्षं तो मला हेच सांगतोय, दुकानदार असून.
अशानं तुझं भागतं कसं,
हे विचारायचं राहूनच जातं.

मी दिवसभर हॉस्पिटलच्या तळघरात
लोकांची हाडं बघतो.
श्वास घ्या. धरा. सोडा.
बर्फाच्या आठवड्यात रांग लागते ती मनगटांची.
करड्यावर करडं,
त्यात केसाएवढी एखादी रेघ,
तिच्यासाठी मला पगार मिळतो.
वर येतो तेव्हा चार वाजलेले असतात
आणि डंडीतला दिवस होऊन गेलेला असतो.

म्हणून रात्री मला ऊन लागतं.
खेळातलं का होईना.
नव्या कार्डात म्हणे एकेका किरणाचा माग काढतात:
खिडकीतून आला, तांब्याच्या भांड्यावर आपटला,
भिंतीवर लालसर होऊन बसला.
माझ्या जुन्या कार्डातलं ऊन
नाटकाच्या पडद्यावर रंगवल्यासारखं,
माणसं चालतात, सावल्या पायाला चिकटत नाहीत.
पंख्याची घरघर अशी
की खालच्या मिसेस गिलेस्पींनी जिन्यात विचारलं,
तुम्ही रात्रीचा मसाला वाटता का?

परवा यावरून घरात वाजलं.
निहारा म्हणाली, नवं आलं की जुनं माझं.
मी म्हणालो, जुनं विकून नव्यात भर घालायचीय.
वृंदा म्हणाली, नवं कितीला?
अजून जाहीर नाही.
मग विकताय काय आणि भरताय काय?
निहारा ताट सोडून उठली,
मी ओरडलो,
वृंदा माझ्यावर.
तुरी अजून बाजारातच,
आमच्याकडे वरण मात्र करपलं.

तरी सगळी झोपल्यावर मी केसचं झाकण काढलं,
वृंदाच्या शिवणाच्या डब्यातून टेप आणली.
चौतीस सेंटिमीटर असेल अशी वदंता.
बाळ यायच्या आधी झबलं शिवू नये, आई म्हणायची,
पण माप घ्यायला काय हरकत?
एकतीस भरलं.
आडवा आला हार्ड डिस्कचा पिंजरा.
चार स्क्रू, त्यातला एक झिजलेला,
अर्धा तास गेला, अंगठ्याचं सालटं गेलं.
आता सदतीस.
म्हणजे अफवा वाढली तरी तीन सेंटिमीटर हाताशी आहेत.
विजेचं बिल वाढेल, ते वेगळं.
हीटर कमी लावावा लागेल, असं वृंदाला सांगायचं ठरवलंय.

आज सकाळी एक म्हातारी आली, इसोबेल मक्फी,
उजवं मनगट, बस स्टॉपवर घसरलेली.
माझ्या अंगठ्यावरची पट्टी बघून विचारलं, काय झालं?
सांगितलं.
हसली. म्हणाली, मी जोडायचे की ते,
इथल्याच घड्याळांच्या कारखान्यात,
रबरी बटणांचे, वहीएवढे कंप्युटर.
अठ्ठेचाळीस के.
आम्हाला वाटायचं, याहून जास्त माणसाला लागतंय कशाला!
माझा मुलगा म्हणाला, आई, हा नको,
पुढचा येतोय, तो घेऊ.
थांबला?
थांबला ना. पुढचा आला, तर म्हणाला, त्याच्या पुढचा.
मग कारखानाच बंद पडला.

काय दिसतंय, तिनं विचारलं.
डॉक्टर सांगतील, मी म्हणालो,
आम्हाला सांगायची परवानगी नसते.
बोटं सरळ. हलू नका.
काचेमागे जाऊन बटण दाबलं.

पडद्यावर हात आला,
सोल्डर धरलेली पाच बोटं,
आणि सावली
अगदी हाडाला चिकटून.