सहा बंदरं, एक लादी

बर्फाचा कारखाना हर्णैला. बर्फ मिळतो कुपनावर.
कुपन सहाही बंदरांत चालायचं असं ठरलं,
त्या सभेचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे:
'एक कुपन, एक लादी. ठराव सर्वानुमते मंजूर.'
सर्वानुमते, कारण इस्माईल साखरकर
तेवढ्यात तंबाखू थुंकायला बाहेर गेले होते.

कुपनावरच्या चित्रात मात्र तीन रविवार गेले.
किल्ला काढा म्हटलं तर केळशी रुसली.
देऊळ म्हटलं तर अर्धे गप्प, दर्गा म्हटलं तर उरलेले.
शेवटी छापखान्यातल्या पोरानं
एक होडी काढली, नंबर नसलेली,
कुठल्याच गावच्या घडणीची नाही,
वल्हंसुद्धा उलटं बसवलेलं.
ती सगळ्यांना आवडली.

माझा भाचा स्पेनला माकूल धाडणाऱ्या कंपनीत आहे.
तो म्हणतो, तिकडच्या नोटांवर पूल आहेत,
कुठल्याच नदीवर न बांधलेले.
मी म्हटलं, त्यांचाही छापखाना दापोलीलाच असेल.

पहिलं वर्ष बरं गेलं.
तुळसा पावशे हर्णैचं कुपन दाभोळला मोडायची
आणि कुणी तिला तोंड वर करून विचारत नसे.
पण बर्फ तो बर्फच.
हर्णैच्या वाळूवर लादी लादीसारखी उतरते,
आड्याच्या चढाला टेम्पोमागे ओली रेघ लागते,
केळशीला पोचते ती पाऊण.
कुपनावर तर आख्खीच छापलेली.
हरेश्वर चोगले म्हणाले,
"आमचा पाव हिस्सा कुठल्या खात्यात धरलात, हिशेबनीस?"
मी वहीत 'घट' असा रकाना आखला.
रकान्यानं मासा टिकत नाही.

व्याजाचा दरही एकच.
हर्णैला सुरमईची रास, म्हणतात दर चढवा, पैसा फार झालाय.
बुरोंडीला जाळी वाळत पडलेली, म्हणतात उतरवा.
मी मधला आकडा धरला.
मधल्या आकड्यावर कुणाचंच घर नाही.

मग कळलं, एका बंदरानं
दोन वर्षांची बर्फाची उधारी
'जाळेदुरुस्ती'त लिहून ठेवली होती.
नाव लिहीत नाही.
त्यांच्या तीन मुली आमच्या वाडीत दिल्या आहेत.

नारळी पौर्णिमेच्या आधी तातडीची सभा,
होड्या अजून झापांखाली.
"त्यांचं बुडालेलं आम्ही का भरायचं?"
"उधारीवर विकलं कुणी? तुमच्याच कारखान्यानं.
आमची उधारी तुमच्या नफ्यात
गेल्या मार्चलाच वाटून झाली."
यावर कुणी खाकरलंसुद्धा नाही.
मग मागून कुणीतरी: काढा त्यांना,
छापू देत स्वतःचं कुपन.
तेव्हा तुळसा उठली, ओटी सोडत.
"नि माज्याकडं चाळीस कुपना हायत, तेंचा काय?
होडी हाय तेंच्यावर. गाव कुठं लिवलाय?"

गाव कुठंच लिहिलेलं नव्हतं.
आम्हीच तसं ठरवलं होतं.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन.
तिकडच्या बँकेनं दर वाढवला,
माकूल किलोमागे अकरा रुपयांनी खाली.
मी विचारलं, कुठल्या सभेत ठरलं?
तो हसला. मामा, त्या सभेत आपण नाही.
म्हटलं, ज्या सभेत आहोत तिथलं काय मोठं ठरतंय.

रात्री इतिवृत्त लिहायला बसलो.
'सविस्तर चर्चा झाली. विषय पुढील सभेस.'
कारखान्याची मोटर घुमत होती,
सहा गावांची वीज एकाच मीटरवर,
त्याचंही बिल आलेलं, घडी न मोडलेलं.
वहीत खुणेला ठेवलेलं एक कुपन होतं.
पेन्सिल घेतली, ते वल्हं तरी सरळ करावं म्हणून.
अर्धी रेघ ओढली आणि थांबलो.
वल्हं सरळ झालं असतं
तर ती दिसली असती आमच्या पाजपंढरीची होडी,
आणि केळशीनं ती
लगेच ओळखली असती.